दहाव्या महिन्यात बिघडलेलं कुत्रं : कारण कुठं शोधायचं, दुरुस्ती कशी करायची

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते. "लहानपणी लई गरीब होतं की हो, आत्ता फाटकात कुणाला उभं राहू देत नाही." थोडी विचारपूस केली की तपशीलही ठरलेलेच निघतात. पिल्लू जेमतेम महिन्याचं असताना आणलं. पहिले चार महिने अंगणाबाहेर नेलं नाही. पाचव्या महिन्यात चपला फाडायला लागलं म्हणून साखळी आली. आठव्या ते बाराव्या महिन्यात रात्रभर भुंकणं, दुचाकीमागं धावणं, पाहुण्याच्या पोटरीला धरणं सुरू झालं. बेळगावच्या टिळकवाडीतला फ्लॅट असो, चिकोडी-निपाणीकडचा मळा असो की खानापूरच्या जंगलाकडेचं घर असो, हा क्रम फारसा बदलत नाही.

वय हे कारण आहे, पण अर्धंच. साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कुत्रं वयात येत असतं. या काळात धीटपणा वाढतो आणि शिकलेलंही मधूनमधून विसरल्यासारखं होतं. लहानपणी अनोळखी माणूस दिसला की खाटेखाली जाणारं पिल्लू आता पुढं येऊन भुंकतं. भीती तीच असते, अंगात ताकद आलेली असते. हे न ओळखता "माजलंय" म्हणून काठी उचलली की भीतीला आणखी एक कारण मिळतं.

कोणत्याही खोडीबाबत पहिला प्रश्न एकच विचारायचा: हे केल्यावर कुत्र्याला काय मिळतं? ते सापडलं की अर्धी दुरुस्ती झाली, कारण पुढं ते मिळणं बंद करायचं असतं आणि त्याच जागी दुसरं काहीतरी करून जास्त मिळेल अशी सोय करायची असते. कामाचा क्रम मात्र पाळा. आधी शरीर, मग बांधणं-खाणं-फिरणं, आणि शिकवणं सगळ्यात शेवटी.

आधी दवाखाना

वागणं आठ-पंधरा दिवसांत अचानक बदललं असेल तर शिकवायला बसू नका, पशुवैद्याकडे जा. डोक्याला हात लावला की गुरगुरणारं लॅब्रॅडॉर पुष्कळदा कानाने बेजार असतं. पावसाळ्यात लोंबत्या कानांत ओल राहते, आत बुरशी आणि पू होतो. कमरेला हात लावू न देणारं जर्मन शेफर्ड कंबरेच्या सांध्याने दुखावलेलं असू शकतं. गोचीड तापात कुत्रं मलूल आणि चिडकं होतं. दुखणं बरं झालं की यातली बरीच "खोड" आपोआप जाते.

रेबीजची शक्यता कधीही हलक्यात घेऊ नये. वागणं एकदम बदलणं, आवाज घोगरा होणं, लाळ गळणं, गिळता न येणं, दिसेल त्याला चावणं किंवा उलट कोपऱ्यात गप्प पडून राहणं, यातलं काही दिसलं तर कुत्र्याला खोलीत बंद करा आणि डॉक्टरांना फोन करा. घशात हाड अडकलंय असं समजून तोंडात हात घालू नका. ही चूक खेड्यात फार वेळा होते.

निवड: निम्मे प्रश्न इथंच ठरतात

सगळ्यात मोठी चूक शेजाऱ्याचं बघून जात निवडण्याची. प्रत्येक जातीला काही कामं इतकी गोड लागतात, की ती करण्यातच तिला बक्षीस मिळतं. अशी आवड मोडून काढण्यापेक्षा ती आपल्या घराला परवडते का, हे आधी पाहावं.

मुधोळ ही शिकारी जात आपल्या शेजारची. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी जोपासलेली, २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढलं. त्यामुळे अभिमानाने घेतली जाते आणि नंतर दुसऱ्या मजल्यावर ठेवली जाते. ही नजरेने शिकार करणारी जात आहे. खांद्यापाशी साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर उंच, अंगाने सडपातळ. तिच्या बरगड्या थोड्या दिसणारच, म्हणून भात-भाकरी कोंबून तिला गोल करू नये. पळणारी वस्तू दिसली की तिचे कान बंद होतात. ससा असो, कोंबडी असो की शेजारचं मांजर. अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला तिला आवडत नाही, आणि मारलेलं तर ती विसरत नाही. सहा फुटांचं कुंपण असलेला मळा, रोज मोकळं पळायला जागा आणि घरात शांत माणसं असतील तर तिच्यासारखा सोबती मिळणार नाही. यातलं एकही नसेल तर घेऊ नका. घ्यायचीच असेल तर मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन आणि माहिती केंद्र आहे, तिथं चौकशी करा. रस्त्याकडेला टोपलीत विकायला ठेवलेल्या "अस्सल मुधोळ"ची आई कुणीच पाहिलेली नसते.

लॅब्रॅडॉर राखणीला म्हणून घेणारे निराश होतात. चोराला तो चेंडू आणून देईल. त्याला तोंडात काहीतरी धरायचं असतं आणि भरपूर काम लागतं, ते मिळालं नाही की सोफा फाडतो. जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन हुशार असतात, पण रिकामे बसले की प्रत्येक आवाजावर भुंकण्याचं काम स्वतःच शोधून घेतात. हस्की आणि सेंट बर्नार्ड यांना अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात ठेवणं हा सरळ छळ आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केलं. कायद्याने चालतं म्हणून लहान मुलं असलेल्या घरात पहिलंच कुत्रं या जातींचं घ्यावं असं नव्हे.

गावठी पिल्लाला नाकं मुरडणारे आहेत, पण आपल्या हवेत, आपल्या अन्नावर तगणारं आणि माणसांच्या गर्दीत पिढ्यानपिढ्या वावरलेलं दुसरं कुत्रं नाही. एकच काळजी घ्या. रस्त्यावरचं पिल्लू चार-पाच आठवड्यांचं असताना उचलून आणू नका. आईला रोज खायला घाला आणि आठ आठवडे पुरे झाल्यावर पिल्लू आणा. भावंडांत कुस्ती करताना जोरात चावलं की खेळ थांबतो, हा धडा पिल्लू याच आठवड्यांत शिकतं. लवकर तोडलेल्या पिल्लाला दाताचा जोर किती लावायचा हे कळत नाही. विकत घेताना "महिन्याचं झालंय, न्या की" असं म्हणणाऱ्याकडून पिल्लू घेऊच नये.

पिल्लू पाहायला गेल्यावर आईकडे जास्त वेळ बघा. आई तुम्हाला पाहून मागं मागं सरकत असेल किंवा दात दाखवत असेल तर पिल्लं कितीही गोंडस असली तरी परत या. मग पिल्लांपासून चार हातांवर स्टीलची वाटी खाली टाका. दचकणं चालेल. काही सेकंदांत सावरून वाटी हुंगायला येणारं पिल्लू घरासाठी बरं. कोपऱ्यातून बाहेरच न येणारं पिल्लू दयेपोटी घेतलं जातं, आणि पुढं भीतीने चावणारी कुत्री बरीचशी याच कोपऱ्यातून आलेली असतात. एवढ्या एका परीक्षेवरून मोठेपणीचा स्वभाव छातीठोक सांगता येत नाही, म्हणूनच आईचं वागणं जास्त मोलाचं.

सोळाव्या आठवड्यापर्यंत काय दाखवायचं

तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनात "जग म्हणजे एवढं" अशी यादी तयार होते. यादीत नसलेली गोष्ट पुढं संशयाची ठरते. अडचण अशी, की लसीकरणही याच काळात चालू असतं. पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गांवरची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस द्यावा लागतो. रेबीजची लस तीन महिन्यांना, पुढं डॉक्टर सांगतील तशी, साधारण दरवर्षी. लसी पुऱ्या होण्याआधी रोग लागेल या भीतीने लोक पिल्लू चार महिने घरात कोंडतात आणि पार्व्होपासून वाचवलेलं कुत्रं पुढं चावरं म्हणून सोडून देतात.

मधला मार्ग सोपा आहे. पिल्लाला कडेवर घ्या किंवा टोपलीत बसवा आणि जग दाखवा, फक्त भटकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर सोडू नका. आपल्या भागात यादीत काय काय हवं? हेल्मेट घातलेला माणूस. घोंगडं पांघरून काठी घेतलेला मेंढपाळ. धोतर-टोपीतले आजोबा, बुरख्यातली बाई, रेनकोट आणि उघडलेली छत्री. ऊस भरलेला, गाणी लावून जाणारा ट्रॅक्टर. घुंगरांची बैलगाडी. ढोल-ताशा, लांबून. शाळेची सुटलेली पोरं. कोंबड्या, शेळ्या, म्हशी. साळुंकी, माकडं राहू देत, ती आपणहून येतील. हंगामात ऊसतोड टोळ्या आल्या की पालं पडतात, अनोळखी माणसं पहाटे मळ्यातून फिरतात आणि तेव्हाच बरीच कुत्री "अचानक" चावरी होतात. अशा टोळीतल्या दोन-तीन माणसांनी पिल्लाला पहिल्या महिन्यांत खाऊ दिलेला असेल तर हा प्रसंग सहसा येत नाही.

पद्धत: रोज दोन-तीन नव्या गोष्टी, प्रत्येकी पाच मिनिटं. गोष्ट दिसली की लगेच खाऊ. पिल्लू शेपूट पोटाशी घेऊन खाऊ नाकारत असेल तर तुम्ही फार जवळ आहात. मागं सरका, पुन्हा खायला लागेल तिथं थांबा. अनोळखी माणसाच्या अंगावर पिल्लू लोटू नका. त्याने खाली बसून, नजर दुसरीकडे ठेवून, खाऊ जमिनीवर टाकावा.

खाऊ म्हणजे उकडलेली कोंबडीची काळीज-कलेजी किंवा अंडं, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. घरात सोप्या कामाला चुरमुरेही चालतात, रस्त्यावर मात्र त्यांची किंमत शून्य. तेवढं जेवण कमी करा, नाहीतर जुलाब आणि चरबी दोन्ही. कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, देऊ नये, चॉकलेट आणि कांदा तर नाहीच. अथणी-विजयपूरकडे बेदाण्याच्या शेडवर कुत्री असतात, त्यांच्यासाठी खास: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, मूठभरदेखील नको.

एका कामाला एकच शब्द

आपल्याकडच्या घरात आजी "बस" म्हणते, नातू शाळेतलं "सिट" म्हणतो आणि मळ्यातला गडी कन्नडमध्ये सांगतो. कुत्र्याला कोणतीही भाषा चालते, तीन चालत नाहीत. घरातल्या सगळ्यांनी मिळून पाच शब्द ठरवा आणि स्वयंपाकघराच्या दाराला कागद लावा: बसणे, येणे, तोंडातलं सोडणे, जागेवर जाणे, थांबणे. गड्याला आणि दूध घालणाऱ्यालाही तेच सांगा. प्रत्येक शब्दाला हाताची एक खूण जोडली तर फारच उत्तम, कारण कुत्रं आवाजापेक्षा हात लवकर ओळखतं आणि खुणेला भाषा नसते. शब्द एकदाच उच्चारायचा. "बस, बस, बस रे, ए बस" हे ऐकून कुत्रं चौथ्याला बसायला शिकतं.

"ये" हा शब्द सगळ्यांत जपा. रागावण्यासाठी, आंघोळीसाठी किंवा साखळी घालण्यासाठी "ये" म्हणून बोलावलं, की महिन्याभरात तो शब्द मरतो. त्या कामांना स्वतः चालत जाऊन धरा. रोज वीस-पंचवीस वेळा घरातल्या घरात बोलावून खाऊ द्या आणि परत मोकळं सोडा. त्यानंतर अंगण, मग दहा मीटर दोरीवर मळा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ८ मिलिमीटरची नायलॉन दोरी पुरते, पण ती गळपट्ट्याला नाही, अंगपट्ट्याला (छातीभोवती बसणाऱ्या हार्नेसला) बांधा; धावत सुटून दोरी ताणली तर मानेला हिसका बसतो. मुधोळची मान डोक्याएवढीच जाड असल्याने साधा पट्टा मागं ओढला की निसटतो, तिला चार-पाच सेंटिमीटर रुंद, ओढल्यावर थोडा आवळणारा पट्टा किंवा अंगपट्टाच हवा.

साखळी आणि रात्रीचं भुंकणं

दिवसभर दोन मीटर साखळीवर असलेलं कुत्रं दुपारी झोपतं आणि रात्री जागतं. त्याला लोक दिसतात पण हुंगता येत नाही, धोका वाटला तर पळताही येत नाही. मग उरतं एकच, ओरडणं आणि झेप घेणं. साखळीवर वाढलेलं कुत्रं राखण चांगली करतं हा समज इतका पक्का आहे, की मोडायला वेळ लागतो. असं कुत्रं घरातल्या मुलाला आणि चोराला सारखाच धोका असतं.

बांधणं टाळता येत नसेल तर दोन झाडांमध्ये किंवा खांबांमध्ये, डोक्याच्या वर, सात-आठ मीटर जाड तार ओढा आणि साखळीची कडी तिच्यावर सरकती ठेवा. दोन्ही टोकांना खांबापासून मीटरभर अलीकडे गाठ किंवा लोखंडी अडसर हवा, नाहीतर कुत्रं खांबाला वेढे घालून अडकतं. साखळीला दोन्ही टोकांना फिरकी बसवा. सावली आणि पाणी तारेच्या मध्यावर ठेवा, आणि तार कुंपणाजवळ नको. कुंपणापलीकडे उडी मारून लटकलेली कुत्री दगावतात.

मग भुंकण्याकडे या. आठवडाभर एका वहीत वेळ आणि कारण लिहा. बहुतेक वह्यांत दोन-तीनच कारणं निघतात: रात्री दहाच्या सुमारास जाणारी माणसं, पहाटेचा दूधवाला, आणि लांबच्या वस्तीवरच्या कुत्र्यांना दिलेलं उत्तर. पहिल्या दोघांत कुत्र्याला काय मिळतं ते बघा. ते भुंकतं, माणूस निघून जातो. दूधवाला त्याच्या वाटेनेच जाणार असतो, पण कुत्र्याच्या हिशेबात आपण त्याला हाकलला. हे दिवसातून दोनदा, वर्षभर घडलं की सवय दगडासारखी होते.

उपाय असा. फाटकाच्या जाळीला आतून पत्रा किंवा पोती लावून नजर अडवा. संध्याकाळी अंधार पडण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास चालवा, त्यात हुंगायला भरपूर थांबू द्या; नुसतं पळवण्यापेक्षा हुंगण्याने कुत्रं जास्त दमतं. रात्रीचं जेवण थाळीत न देता अंगणात किंवा पोत्याच्या घड्यांत विखरून द्या, शोधण्यात वीस मिनिटं जातात. दोन-तीन भुंकण्यांनंतर शांत आवाजात "जागेवर" म्हणा, स्वतः जागेकडे चाला, तिथं खाऊ टाका. घरातून ओरडू नका, कुत्र्याला वाटतं तुम्हीही भुंकायला आलात. लक्ष वेधायला भुंकत असेल आणि तुम्ही दुर्लक्ष सुरू केलंत, तर पहिले चार-पाच दिवस ते दुप्पट भुंकेल. तिसऱ्या रात्री कंटाळून दार उघडलंत, तर जास्त वेळ भुंकल्यावर दार उघडतं, हेच त्याला शिकवून ठेवलंत.

दूधवाल्याला आठ-दहा दिवस फाटकावरून खाऊ टाकायला सांगा. तो हसेल, पण करतो.

खानापूर तालुक्यात आणि जंगलाला लागून असलेल्या वस्त्यांवर रात्री कुत्रं बाहेर बांधूच नये. बिबट्याला ते सोपं भक्ष्य. २०२२ च्या ऑगस्टमध्ये खुद्द बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्याचा शोध कित्येक दिवस चालला होता, तेव्हा शहरातल्यांनीही निर्धास्त राहू नये. पडवीला जाळीचं दार लावून कुत्रं आत घ्या. आत झोपणारं कुत्रं भुंकतंही कमी.

दुचाकीमागं धावणं

इथंही हिशेब तोच, गाडी पळते म्हणजे आपण जिंकलो. शिवाय पाठलाग स्वतःच मजेचा. म्हणून शिकवणी चालू असेपर्यंत एकही मोकळा पाठलाग होता कामा नये. फाटक बंद, शाळा सुटायच्या आणि दूध संकलनाच्या वेळी कुत्रं आत.

दोरी लावून रस्त्यापासून तीस मीटरवर उभे राहा. गाडी दिसली आणि कुत्र्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं, त्याच क्षणी नाकापुढे कलेजी. गाडी गेली की खाऊ बंद. गाडी म्हणजे कलेजी, गाडी नाही तर काहीच नाही, असा संबंध जुळवायचा आहे. पाच-सात मिनिटं पुरे. काही दिवसांनी गाडीचा आवाज आला की कुत्रं आपणहून तुमच्याकडे वळून बघतं. दहापैकी आठ वेळा असं वळलं की तीन-चार मीटर पुढे सरका. झेप घेतली, म्हणजे अंतर कमी पडलं; न ओरडता मागं घ्या. फसतं कुठं? बहुतेकजण तिसऱ्या दिवशीच रस्त्याकडेला जाऊन उभे राहतात. आणि काहीजण कुत्रं भुंकल्यावर खाऊ दाखवतात. उशिरा आलेला खाऊ फुकट जातो.

दुचाकीस्वाराने पाण्याचा फुगा मारणं, लाथ मारणं, मागं डबा बांधणं हे उपाय सांगितले जातात. त्यांनी काही कुत्री रस्ता सोडतात, काही त्या दिवसापासून हेल्मेटवाल्या प्रत्येकावर धावतात. कोणतं तुमच्या वाट्याला येईल हे आधी कळत नाही.

ताटावर गुरगुरणं

"आत्तापासून सवय लागू दे" म्हणून जेवणाऱ्या पिल्लाच्या ताटात हात घालायची, ताट काढून घ्यायची पद्धत घराघरांत आहे. नेमकी हीच पद्धत रोग लावते. हात आला म्हणजे जेवण गेलं, हे पिल्लू दहा वेळा अनुभवतं आणि अकराव्यांदा गुरगुरतं. त्याऐवजी साध्या भाकरी-भाताच्या ताटाजवळून जाताना, न थांबता, अंड्याचा तुकडा आत टाकून पुढं जा. पंधरा दिवसांत तुम्हाला येताना पाहून शेपूट हलायला लागेल. आधीच गुरगुरत असेल तर ज्या अंतरावर अंग ताठ होतं त्याच्या दोन पावलं अलीकडून टाका आणि रोज थोडंसंच जवळ या. लहान मुलांनी हा प्रयोग करायचा नाही.

गुरगुरण्याबद्दल मारू नका. गुरगुर हा इशारा आहे. तो मारून बंद केला की कुत्रं इशारा न देता चावतं, आणि लोक म्हणतात, "काही कारण नसताना चावलं."

जत्रेच्या आणि लग्नाच्या दिवसांत मटणाची हाडं सगळीकडे पडलेली असतात. तोंडातलं हाड ओढायला जाऊ नये. जवळ कलेजी टाका, "सोड" म्हणा, कुत्रं वळलं की त्याला दुसरीकडे न्या आणि मगच हाड उचला. शिजवलेली हाडं तुकडे होऊन आतड्यात रुततात, तेव्हा ती तशीही द्यायची नाहीतच.

चपला, कोंबड्या, घरात घाण

चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडतात, हिरड्या शिवशिवतात. जुनी चप्पल खेळायला देऊ नका, जुनी आणि नवी यांतला फरक कुत्र्याला कळत नाही. जाड सुती टॉवेलला गाठ मारा, भिजवून फ्रीजरमध्ये गोठवा, आणि तो द्या. हाताला चावलं तर हात थिजवा, उठून अर्धा मिनिट दाराआड जा. "आई गं" करून हात झटकला तर पिल्लाला तो खेळच वाटतो.

कोंबड्यांबाबत खोटी आशा लावू नये. मुधोळ किंवा तिच्या संकराच्या कुत्र्याने एकदा कोंबडी मारून खाल्ली असेल, तर देखरेखीशिवाय कोंबड्यांत सोडण्याइतका भरवसा परत येत नाही. मेलेली कोंबडी गळ्यात बांधण्याचा जुना उपाय घाण आणि व्यर्थ आहे. खुराड्याला जाळी, कुत्र्याला दोरी. आठव्या आठवड्यापासून दोरीवर कोंबड्या दाखवून, शांत बसल्याबद्दल खाऊ देऊन वाढवलेल्या गावठीचं मात्र छान जमतं.

घरातल्या घाणीला पावसाळा जबाबदार असतो. पश्चिमेकडच्या धो-धो पावसात पिल्लू बाहेर जायला तयार नसतं, फरशीवर बसतं, आणि पायाखाली जे असेल त्याची सवय त्याला फार लवकर लागते. पत्र्याच्या शेडखाली दोन बाय दोन फूट वाळूचा चौकोन करा. झोपून उठल्यावर, खेळ झाल्यावर आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी तिथं न्या, झाल्यावर तिथंच खाऊ. घरात झालं असेल तर कपडे धुण्याच्या एन्झाइमवाल्या पावडरीने पुसा. वास राहिला की जागा ठरते. नाक घासण्याने कुत्रं एवढंच शिकतं, की तुमच्यासमोर बसायचं नाही. मग ते सोफ्यामागं बसतं.

फटाके आणि डीजे

गणेशोत्सव, कर्नाटक राज्योत्सव, दिवाळी असा सलग हंगाम असतो, म्हणून तयारी आषाढातच सुरू करा. फटाक्यांचं रेकॉर्डिंग मोबाइलवर इतक्या बारीक आवाजात लावा, की कुत्रं कान हलवेल पण खात राहील. दहा मिनिटं, जेवणाच्या वेळी. तीन दिवस निवांत गेले तर एक टप्पा वाढवा. प्रत्यक्ष दिवशी संध्याकाळच्या आत फिरवून आणा, आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही लावून ठेवा, खिडकीला जाड पडदा, गळ्यात मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते हा गैरसमज आहे, खुशाल घ्या. फार घाबरणाऱ्यांसाठी पशुवैद्याकडून आधीच औषध ठरवून घ्या, मात्र नुसतं अंग सैल पाडणारं औषध नको. त्यात कुत्रं हलत नाही, भीती आत तशीच राहते. माणसांच्या झोपेच्या गोळ्या तर अजिबात नाहीत.

चावाच घेतला तर

जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. घरचं पिल्लू आहे, नुसता दात लागलाय, म्हणून थांबू नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, पण इंजेक्शन त्या दहा दिवसांची वाट बघत नाही.

नसबंदीने भटकणं, माद्यांमागं जाणं आणि नरांची मारामारी कमी होते. भीतीने चावणारं कुत्रं त्याने शांत होईलच असं नाही, उलट काहींची भीती वाढलेली दिसते, तेव्हा वेळ पशुवैद्याशी बोलूनच ठरवा.

दुसऱ्यांदा रक्त काढलं असेल, किंवा चावा लहान मुलाला असेल, तर घरगुती प्रयोग थांबवून जाणकाराला बोलवा. महिनाभर कुत्रं घेऊन जातो आणि "सरळ करून" आणून देतो म्हणणाऱ्याकडे पाठवू नका. ते त्याच्याकडे सरळ वागतं, तुमच्याकडे आलं की चौथ्या दिवशी पूर्ववत. प्रशिक्षकाने तुमच्या अंगणात, तुमच्या हातून काम करून घेतलं पाहिजे. दरम्यान जाळीचं मुसकं घ्या, कापडी नको, कारण त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि आपल्या उन्हात ते जिवावर बेतू शकतं. आधी आठवडाभर मुसक्याच्या आतल्या बाजूला कलेजी लावून तोंड आपणहून घालू द्या, बक्कल त्यानंतर.

तीन-चार वर्षं साखळीवर काढलेल्या कुत्र्याला बदलायला सहा महिने लागतात असं धरून चाला. ते दूधवाल्याला फाटकातून जाऊ देईल, रात्री झोपेल, दोरीवर नीट चालेल. घर भरून पाहुणे आले की मात्र त्याला मागच्या परड्यात किंवा आतल्या खोलीत ठेवणंच बरं, आणि ते कायमचंच.